प्लाझ्मा मशीनच्या कॉईलचं इन्सुलेशन कसं करायचं (रिवाइंडिंगवाल्याच्या नजरेतून)

आमचं दुकान कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं. आण्णांनी सुरू केलं, आता मी बघतो. २०१९ च्या महापुरात पंचगंगेच्या काठच्या शेतीपंपाच्या मोटरी इतक्या आल्या की दारातून आत शिरायला जागा नव्हती, महिनाभर नुसतं धुणं, सुकवणं, मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजायचं मीटर) लावणं, परत सुकवणं एवढंच चाललं होतं, आणि पाणी इन्सुलेशनचं काय करतंय हे तेव्हा जेवढं कळलं तेवढं आधीच्या दहा वर्षांत कळलं नव्हतं. पण हवा काय करती हे मला कळलं ते इंजिनिअरिंगची पोरं टेबलावर मावेल एवढी टोकामॅक करायची म्हणून कॉईल गुंडाळून घ्यायला आली तेव्हा. ते सगळं इथं लिहून ठेवतोय, म्हणजे दुसरं कोण असं काही करायला बसलं तर आमच्यासारखी एक आख्खी कॉईल वाया घालवायला नको.

टोकामॅक म्हणजे काय ते थोडक्यात. मेदूवड्यासारख्या गोल पोकळ भांड्यात हवा काढून घ्यायची, थोडा हायड्रोजन सोडायचा, आणि त्याचा प्लाझ्मा, म्हणजे वीज नेणारा तापलेला वायू, करून चुंबकाच्या जोरावर भिंतीला न लागता धरून ठेवायचा. आपल्या देशात गांधीनगरजवळ भाटला इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चमध्ये 'आदित्य' १९८९ मध्ये सुरू झाली, नंतर तिथंच सुपरकंडक्टिंग कॉईलची एसएसटी-१ आली. फ्रान्समध्ये जी इटर बांधायला घेतलीय तिच्या १८ मोठ्या कॉईलमधून ६८ हजार अँपिअर जाणार. आमच्या पोरांची मशीन यापुढं खेळण्यासारखी, १२ कॉईल, प्रत्येकीला १० वेढे, आणि १ हजार व्होल्टची कपॅसिटर बँक. पण इन्सुलेशनचं शास्त्र लहान मशीनला एक आणि मोठ्या मशीनला दुसरं असं नसतंय.

मोटरचं आणि याचं इन्सुलेशन वेगळं का, हे आधी डोक्यात बसलं पाहिजे. मोटरीत आपण तारेवर एनॅमल, स्लॉटात लेदरॉइड नायतर मिलिनेक्स पेपर, बाहेर निघणाऱ्या वायरला स्लीव्ह आणि वरनं व्हार्निश एवढं करतो, आणि जिथं काहीच नसतं तिथं हवा असती. हवा हे फुकटचं इन्सुलेशन आहे, १ मिलिमीटरला साधारण ३ हजार व्होल्ट ती धरती, म्हणून मोटरीत कुठं बारीक फट राहिली तरी निभावतं. व्हॅक्यूमच्या कामात हा आधार निघून जातोय. हवा काढत गेलो की सुरुवातीला ती उलट कमजोर होत जाती. पाशेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं हे १८८९ मध्येच मांडून ठेवलंय, की दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठिणगी कधी पडणार ते ठरतं, आणि एका ठराविक गुणाकाराला हवा सगळ्यात कमजोर असती. १ सेंटीमीटर अंतराला नेहमीच्या हवेत ३० हजार व्होल्टच्या आसपास लागतात, पण दाब पाऊण मिलिबारवर (बाहेरच्या हवेचा दाब साधारण हजार मिलिबार) आणला की तेच अंतर साधारण ३३० व्होल्टला फुटतं. ३३० व्होल्ट! आपल्या थ्री फेजच्या ४१५ पेक्षाही कमी. हेलियममध्ये तर त्याच्याही निम्म्यावर, १५६ च्या आसपास. अजून हवा काढून एकदम पक्कं व्हॅक्यूम केलं की परत ताकद वाढती, पण मशीन सुरू करताना, बंद करताना, नायतर कुठं लीक झालं की त्या मधल्या वाईट दाबातून जावंच लागतं. म्हणून या कामाचा पाया एकच, तांब्यापासून अर्थपर्यंत (जमिनीला जोडलेल्या भागापर्यंत) जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर घन पदार्थ पाहिजे, हवेचा भरवसा कुठंच धरायचा नाही, कॉईलच्या अंगावर नाही, वायर बाहेर निघते तिथं नाही आणि जॉइंटवर तर बिलकुल नाही.

आता कामाला लागू.

तांबं तयार करणं हे अर्धं काम आहे आणि पोरं नेमका यातच कंटाळा करतात. आम्ही चौकोनी तांब्याची पट्टी घेतली होती. तिच्या कडा कानशीनं आणि पॉलिश पेपरनं गोल करून घ्यायच्या, कारण टोकदार कडेला विजेचा ताण गोळा होतो आणि वर टेपही तिथंच कापली जाती. कड खरंच गुळगुळीत झाली का हे बोटाला कळत नाही. जुनी नायलॉनची ओढणी घ्या आणि पट्टीवरनं या टोकापासून त्या टोकापर्यंत हलक्या हातानं ओढा. जिथं धागा अडकेल तिथं बर (धातूचा टोकदार कंगोरा) शिल्लक आहे, खडूनं खूण करा, परत घासा, परत ओढणी. आमच्या एका पट्टीवर पहिल्या फेरीत १९ ठिकाणी धागा अडकला, बघणाऱ्याला ती पट्टी आरशासारखी दिसत होती. मग तांब्याला बारीक सँडब्लास्ट करून घ्या, रेझिन (शेवटी ओतायचं एपॉक्सी) धरायला खरबरीत अंग लागतं, आणि अ‍ॅसिटोननं पुसा. यानंतर नुसता हात लावायचा नाही, नायट्राइलचे हातमोजे. हाताचं तेल लागलं की तिथं रेझिन चिकटत नाही, आणि चिकटलं नाही म्हणजे तिथं फट, आणि फट म्हणजे हवा.

टेपिंगचं सांगतो. ग्लास टेप आणि कॅप्टॉन म्हणजे पॉलिइमाइड फिल्म, ही जोडी वापरायची. इटरच्या कॉईललाही हीच जोडी आहे. कॅप्टॉन वीज अडवती, २५ मायक्रॉनची फिल्म म्हणजे केसापेक्षा पातळ, ती साडेसात हजार व्होल्टच्या वर धरती, पण तिच्यातनं रेझिन जात नाही. ग्लास टेप उलटी, ती स्वतः विशेष अडवत नाही पण तिच्या धाग्यांमधनं रेझिन आतपर्यंत झिरपत जातं आणि सगळं एकजीव होतं. म्हणून आधी ग्लास, मग कॅप्टॉन, मग परत ग्लास, प्रत्येक थर अर्ध्यावर अर्धा चढवत, आणि वरच्या थराची कड खालच्या थराच्या कडेवर येऊ द्यायची नाही, थोडी सरकवायची. टेप घट्ट ओढा पण कॅप्टॉनला सुरकुती पडू देऊ नका, सुरकुतीच्या पोटात हवा राहती.

दोन चुका इथं आमच्या धंद्यातली माणसं हमखास करतात, मी पण केल्यात. एक म्हणजे दुकानात असलेली व्हार्निश्ड टेप वापरायची. ती आधीच भरलेली असती, तिच्यात रेझिन शिरतच नाही. साधी, कोरडी, सिलेन फिनिशची (रेझिन काचेला धरावं म्हणून लेप दिलेली) ग्लास टेप मागा. दुसरी म्हणजे मागून चिकट असलेली कॅप्टॉन टेप. ती गुंडाळायला लय सोपी, पण तो चिकटा बहुतेक सिलिकॉनचा असतो आणि एपॉक्सी सिलिकॉनला धरत नाही. बिनचिकट फिल्मच घ्या, हाताला त्रास होतो, होऊ दे. सिलिकॉनचा स्प्रेसुद्धा त्या खोलीत मारू नका, मोल्डला (साच्याला) माल चिकटू नये म्हणून लावायचं रिलीजही सिलिकॉन नसलेलं बघून घ्या.

वेढ्यावेढ्यातलं इन्सुलेशन कमी ठेवलं तर चालतं का असं पोरांनी विचारलं, १ हजार व्होल्ट १२० वेढ्यांत वाटले तर एका वेढ्याला आठ-नऊ व्होल्टच येतात म्हणून. हिशोब बरोबर आहे पण स्विच मारल्याच्या पहिल्या क्षणाला व्होल्टेज असं समान वाटलं जात नाही, सुरुवातीच्या वेढ्यांवर जास्त येतं. शिवाय करंटचा झटका म्हणजे पल्स गेला की वेढे एकमेकांना ढकलतात, ओढतात, शेकडो वेळा घासून घासून पातळ टेप संपून जाती. इन्सुलेशन फक्त वीज अडवत नाही, ते कॉईलचं हाड पण असतं. त्यात कंजूसपणा नको.

आता रेझिन. आमच्याकडं मोटर व्हार्निशमध्ये बुडवून ओव्हनला टाकतात. इथं ते चालणार नाही, व्हार्निशमधला थिनर उडून गेला की मागं पोकळ्या राहतात. इथं व्हॅक्यूम प्रेशर इम्प्रेग्नेशन पाहिजे, म्हणजे आधी हवा काढून रेझिन सोडायचं आणि मग दाबानं आत घालायचं. पोकळीचं एवढं काय घेऊन बसलाय असं वाटेल तर हे बघा, ग्लास एपॉक्सीच्या आत चपटा बुडबुडा अडकला तर त्या बुडबुड्यातल्या हवेवर आजूबाजूच्या घन पदार्थाच्या चार ते पाच पट विजेचा ताण येतो. म्हणजे सगळ्यात कमजोर माणसाच्या डोक्यावर सगळ्यात जड पोतं. मग त्यात बारीक बारीक डिस्चार्ज होत राहतात, बाहेरनं काही दिसत नाही, आणि ते आतनं एपॉक्सी खात जातात.

कॉईल मोल्डमध्ये घाला, मोल्ड बंद करा, आणि व्हॅक्यूम लावून १०० ते ११० डिग्रीला रात्रभर सुकवा. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात ही पायरी दुप्पट वेळ करा. आपल्याकडच्या पावसात सकाळी भिंतींना हात लावला तरी ओल लागती, ग्लास टेप तर ओल पिऊनच बसलेली असती. अ‍ॅनहायड्राइड जातीचा हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) वापरत असाल तर त्याचा डबा पावसाळ्यात उघडा ठेवूच नका, तो ओल ओढून खराब होतो आणि नंतर कास्टिंग मऊ का राहिलं म्हणून डोकं खाजवत बसावं लागतं.

रेझिन आणि हार्डनर वजनावर मोजा, डोळ्याच्या अंदाजानं नाही. दोन्ही ६० डिग्रीच्या आसपास गरम करून मिसळलं की पातळ होतं. मग ते भांडं व्हॅक्यूममध्ये ठेवा. दूध उतू गेल्यागत फेस वर येतो, म्हणून भांडं तिप्पट मोठं घ्या. फेस बसला, बुडबुडे थांबले की झालं. फार जोराचं व्हॅक्यूम लावू नका, हार्डनरच उकळायला लागतो आणि मग बुडबुडे थांबतच नाहीत, आम्ही पहिल्यांदा अर्धा तास ते बघत बसलो होतो आणि हवा निघतीय असंच समजत होतो. एकदम मोठी बादली मिसळायची नाही हे पण लक्षात ठेवा, एपॉक्सी स्वतःच तापतं, जास्त माल एकत्र असला की धूर काढून दगड होतो. सोडताना मोल्डला खालून सोडायचं, हळू, म्हणजे हवा वरनं निघून जाती. वरच्या पारदर्शक नळीत रेझिन आलं, त्यात बुडबुडा दिसायचा थांबला, की अर्धा तास तसंच ठेवा, मग व्हॅक्यूम सोडून वरनं दोन-तीन बार दाब द्या. उरलेल्या बारीक पोकळ्या त्या दाबानं भरतात. नंतर रेझिनच्या कंपनीनं दिलेल्या तक्त्याप्रमाणं भाजायचं, आणि गार करताना घाई नाही, ओव्हन बंद करून घरी जायचं.

कुठंही नुसत्या रेझिनचा गोळा राहू देऊ नका, कोपऱ्यात ग्लासची दोरी नायतर कापड कोंबा. मोठ्या सुपरकंडक्टिंग मशीनमध्ये तर यावर सगळं अवलंबून आहे, तिथं कॉईल उणे २६९ डिग्रीपर्यंत गार करतात, तांबं तेवढ्यात ०.३ टक्के आकसतं आणि नुसतं एपॉक्सी १ टक्क्याच्या वर. दोघांची ओढाताण झाली की रेझिन तडकलंच. ग्लास घातला की एपॉक्सीचं आकसणं तांब्याच्या जवळ येतं. तिथं न्यूट्रॉनचा मारा पण असतो, त्यात साधं एपॉक्सी टिकत नाही म्हणून इटरच्या त्या १८ कॉईलला सायनेट इस्टर मिसळलेलं एपॉक्सी वापरलंय. आपल्याला त्याची गरज नाही, पण टेफ्लॉन चांगलं म्हणून कुठंही घालायची सवय असंल तर मोठ्या मशीनचं काम करताना ती सोडा, रेडिएशनमध्ये टेफ्लॉन सगळ्यात आधी ठिसूळ होतं.

आता आमचं काय चुकलं ते.

पहिली कॉईल निघाली ती काय दिसत होती, मधासारखी, आत ग्लासचे धागे दिसत नव्हते एवढी नितळ. मेगर लावला, ५ हजार व्होल्टला काटा हलला नाही. पोरांनी फोटो काढले. मग त्यांच्या सरांनी सांगितलं की ही व्हॅक्यूमच्या भांड्यात घालून मधल्या दाबाला तपासा, याला पाशेन टेस्ट म्हणतात. मला ते उगाचच वाटलं, ५ हजाराला पास झालेल्या कॉईलला १ हजाराला काय तपासायचं. घातली. १ मिलिबारच्या जवळपास आलो आणि ६०० व्होल्टला सप्लाय ट्रिप. परत लावलं, परत ट्रिप. मग लाईट घालवून काचेतनं बघितलं तर कॉईलच्या अंगावर काही नाही, पण जिथनं व्होल्टेज मोजायची बारीक वायर बाहेर निघत होती तिथं हरभऱ्याच्या डाळीएवढा जांभळा गुलाबी ठिपका पेटलेला.

ती वायर मीच काढली होती, मोटरीची लीड काढतो तशी, वर स्लीव्ह घालून. दुसऱ्या दिवशी ती जागा हॅकसॉनं कापून बघितली. स्लीव्हच्या आत, वायर आणि स्लीव्हच्या मध्ये, रेझिन पोचलंच नव्हतं. चार इंच लांब बारीक बोगदा सरळ तांब्यापर्यंत गेलेला. तीस वर्षं ज्या स्लीव्हला आम्ही इन्सुलेशन म्हणत आलो ती व्हॅक्यूममध्ये हवेची नळी असती. आणि वायर मल्टिस्ट्रँड होती, तिच्या तारांच्या मधनंसुद्धा हवा येती जाती, तो दुसरा बोगदा.

हे फक्त आमच्यासारख्यांचंच होतं असं समजू नका. जपानमध्ये नाका इथं जेटी-६०एसए नावाची मोठी मशीन आहे, मार्च २०२१ मध्ये तिच्या एका कॉईलला करंट देऊन बघताना कॉईलच्या टर्मिनलच्या जॉइंटपाशी इन्सुलेशन फुटून आर्क झाला, हेलियम बाहेर आलं आणि व्हॅक्यूम गेलं. कॉईल नाही, जॉइंट. दुरुस्ती, सगळ्या जॉइंटचं इन्सुलेशन परत करणं आणि परत परत तपासणं यात अडीच वर्षं गेली, पहिला प्लाझ्मा आला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये.

तर वायर कशी काढायची ते नीट ऐका. सिंगल कोअर, पॉलिइमाइडचं इन्सुलेशन तांब्याला घट्ट बसलेली वायर घ्या, सैल स्लीव्ह कुठंच नाही. वायरचं अंग पॉलिश पेपरनं हलकं खरबरीत करा. कॉईलचं इन्सुलेशन जिथं संपतं तिथं ते सरळ कापून सोडू नका, पेन्सिलला टोक करतो तसा लांब उतार द्या, आणि जॉइंटवरचं नवीन टेपिंग त्या उतारावर चांगलं दूरपर्यंत चढवा, प्रत्येक फेरीला ब्रशनं रेझिन लावत. सरळ कापलेल्या तोंडाला तोंड लावून टेप मारली तर मधली फट सरळ तांब्यावर उघडती. बोल्टचा जॉइंट असेल तर बोल्टच्या डोक्याभोवतीचे खड्डे आधी ग्लासची पूड मिसळलेल्या एपॉक्सीनं लिंपून गोल करा, मगच टेप. रांगोळीच्या ठिपक्यांत रंग भरताना जशी कड सोडत नाही तसं.

आणि पाशेन टेस्ट कशी करायची. कॉईलच्या बाहेरच्या अंगाला ग्रॅफाइटचा कंडक्टिव्ह पेंट लावून तो अर्थला जोडा. हे केलं नाही तर इन्सुलेशनला सुईएवढं भोक असलं तरी समोर अर्थच नाही म्हणून ते सापडणार नाही. भांड्यातली तुमची स्वतःची वायर आणि फीडथ्रू (भांड्याच्या भिंतीतनं वायर आत न्यायचा जोड) आधी कॉईल न लावता तपासा, नायतर दोष त्यांचा आणि तुम्ही कॉईलला कापत बसणार. सप्लायला सिरीजमध्ये १ मेगओमचा रेझिस्टर घाला म्हणजे ठिणगी पडली तरी नुकसान करण्याएवढा करंट मिळत नाही. मग एकाच दाबाला तपासून थांबू नका. दोषाची वाट किती लांब आहे हे आपल्याला माहीत नसतं, १ सेंटीमीटरची वाट पाऊण मिलिबारला फुटती तर १ मीटरची वाट त्याच्या शंभराव्या भागाला. म्हणून मिलिबारच्या हजाराव्या भागापासून हळूहळू हवा सोडत सोडत पार बाहेरच्या दाबापर्यंत या, प्रत्येक टप्प्यावर थांबा, व्होल्टेज पूर्ण द्या, मायक्रोअँपिअरचा काटा बघा. आम्ही १ हजाराच्या कॉईलला दुप्पट अधिक १ हजार म्हणजे ३ हजार देतो. खोलीत अंधार पाहिजे आणि काचेला डोळा लावून एक माणूस पाहिजे, दोष कुठं आहे हे मीटर सांगत नाही, डोळा सांगतो.

मेगर टाकून द्या असं म्हणत नाही मी. ओल आहे का हे मेगरच सांगतो, फक्त वाचताना टेम्परेचर लिहून ठेवा, १० डिग्री वाढले की रीडिंग साधारण निम्मं होतं. वेढ्यावेढ्यातला शॉर्ट मात्र मेगरला दिसत नाही, त्याला सर्ज टेस्टर (व्होल्टेजचा झटका देऊन तपासायचं यंत्र) लागतो, रिवाइंडिंगच्या मोठ्या दुकानात मिळेल.

कॉईल सोडून मशीनवरच्या दोन जागा सांगतो. गोल भांडं हे स्वतःच एक वेढा असतो, प्लाझ्मात करंट आणायला मधल्या कॉईलनं जे व्होल्टेज देतो ते भांड्यालाही मिळतं, म्हणून लहान मशीनच्या भांड्याला एका ठिकाणी काप देऊन तिथं इन्सुलेटिंग गॅस्केट घालतात. त्या जोडाच्या फ्लँजच्या (बोल्टनं आवळायच्या कडेच्या) प्रत्येक बोल्टला ग्लास एपॉक्सीचं बुश आणि वॉशर पाहिजे, आणि एक एक बोल्ट मोकळा करून ५०० व्होल्टच्या मेगरनं बघा, कारण एक बोल्ट जरी लागला तरी बाकीच्या सगळ्यांची मेहनत पाण्यात, आणि सगळे एकत्र मोजले तर कुठला लागलाय ते कळत नाही. आमचा लागलेला बोल्ट लेथच्या एका बारीक किसानं लागला होता, वॉशरखाली नखाएवढा कुरळा किस. तसंच व्हॅक्यूम पंपाची बॉडी अर्थ असती आणि लोखंडी पाइपातनं तो अर्थ मशीनला येतो, मध्ये सिरॅमिक ब्रेक नायतर प्लॅस्टिकचा क्लॅम्प आणि रिंग घाला. मशीनला अर्थ एकाच ठिकाणी.

प्लाझ्माच्या बाजूला एपॉक्सी नको, तिथं अ‍ॅल्युमिना नायतर बोरॉन नायट्राइड. पण सिरॅमिकवर भिंतीचा धातू उडून हळूहळू थर बसतो आणि काही दिवसांनी तेच सिरॅमिक वीज न्यायला लागतं. प्लाझ्मा मोजायच्या प्रोबची टंगस्टन तार ज्या अ‍ॅल्युमिनाच्या नळीतनं येती तिचं तोंड आतनं थोडं मोठं ठेवा, तार नळीच्या ओठाला टेकता कामा नये, मग बाहेरचा थर तारेपर्यंत पोचत नाही.

कपॅसिटर बँकेबद्दल हात जोडून सांगतो. १ हजार व्होल्टला १० हजार मायक्रोफॅराड म्हणजे ५ हजार ज्यूल, माणूस जागेवर जातो. बँकेवर चार्ज आपोआप उतरवणारा कायमचा ब्लीडर रेझिस्टर, दार उघडलं की सप्लाय तोडणारा इंटरलॉक, आणि लांब दांड्याचा अर्थ रॉड, आधी रेझिस्टरमधनं आणि मग सरळ. एकटं काम करायचं नाही, सुट्टीच्या दिवशी तर नाहीच. दुकानात आण्णांनी एक नियम घातलाय, हात घालायच्या आधी रॉड टर्मिनलवर टाकून तिथंच लटकत ठेवायचा, काम संपेपर्यंत काढायचा नाही. पोरांकडनं तो मी पहिल्या दिवशी वदवून घेतला.

दुसरी कॉईल स्लीव्हशिवाय केली. संध्याकाळी सातला भांडं बंद केलं, रात्री अकरापर्यंत एक एक टप्पा हवा सोडत आलो, आण्णा स्वतः खुर्ची टाकून काचेला डोळा लावून बसले होते, आणि चार तासांत आत काहीच पेटलं नाही. मग उरलेल्या अकरा तशाच केल्या. प्रत्येक ओतणीच्या वेळी त्याच रेझिनचा एक तुकडा वेगळ्या साच्यात ओतून त्यावर कॉईलचा नंबर लिहून ठेवलाय, पुढं एखादी कॉईल गेली तर तो तुकडा कापून बघता येतो. आणि टेम्पोतनं कॉलेजला पोचवल्यावर, मशीनवर बसवून सगळे बोल्ट आवळल्यावर, बाराच्या बारा जॉइंट परत एकदा तपासले. त्यात सात नंबरच्या जॉइंटला बारीक चीर सापडली, आवळताना पान्ह्याचा धक्का लागला होता.